ट्रायब्यूनलची फोनवरची सुनावणी: तयारी काय करायची?

नमस्कार मंडळी,
इथे ब्रिटनमध्ये माझ्या यजमानांना बढतीत डावलून पुढे कामावरूनच काढलं. एकॅसच्या (नोकरीच्या वादांत मध्यस्थी करणारी सार्वजनिक संस्था) मध्यस्थीतून काही निघालं नाही, म्हणून एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलमध्ये, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणात, दावा लावला. आता ‘केस मॅनेजमेंट’ची सुनावणी लागली आहे, तीही फोनवर. कंपनीचा बॅरिस्टर आहे, आमच्याकडे नुसता ईमेलांचा ढीग. निकाल त्याच दिवशी लागतो का?
— हॅरोहून

ताई,
निकाल नाही लागत, साक्षीपुरावेही नाहीत. भांडण नेमकं कशाचं आहे, एवढंच त्या दिवशी ठरतं. युनियनतर्फे मी अशा सुनावण्यांना बसलोय. ‘भेदभाव झाला’ म्हटलं की न्यायाधीश विचारणार: कोणत्या तारखेला? कोण बोललं? वंशावरून की वयावरून? तुमच्याऐवजी बढती कोणाला मिळाली? त्यातून मुद्द्यांची यादी बनते आणि पुढचा सगळा खटला त्या यादीवर चालतो. म्हणून सुनावणीआधी येणारा अजेंडाचा फॉर्म मन लावून भरा. दहा वर्षांची गाऱ्हाणी त्यात ओतू नका. खरे चार प्रसंग तारखांसकट द्या.

मग तारखा लागतात: कागद एकमेकांना कधी दाखवायचे, पानांचे आकडे घातलेलं त्या कागदांचं बंडल कधी तयार हवं, साक्षीदारांची लेखी निवेदनं कधी द्यायची. निवेदनं सहसा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी द्यायची असतात, म्हणजे दुसऱ्याचं वाचून आपलं बेतता येत नाही. मला तरी ही सगळ्यात शहाणी सोय वाटते.

बॅरिस्टरला घाबरू नका. दोन्ही पक्षांना शक्य तितकं समान पातळीवर ठेवणं हे नियमांतच आहे. न्यायाधीश सोपं करून विचारतात, पण तुमची वकिली करत नाहीत. एखादा आरोप फारच लंगडा वाटला तर तो पुढे चालवायला १००० पौंडांपर्यंत अनामत मागू शकतात. दाव्याला मात्र फी नाही. २०१३ साली लावलेली फी सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये बेकायदा ठरवली.

मुदत टळत असेल तर आधीच कळवून वाढवून मागा. ‘अनलेस ऑर्डर’ (‘अमुक तारखेपर्यंत हे करा, नाहीतर दावा गेला’ असा हुकूम) निघाली आणि ती पाळली नाही, तर दावा आपोआप फेटाळला जातो.
— स्लाववाला काका

काकांच्या म्हणण्यात थोडी भर. ट्रायब्यूनलकडे कसलाही अर्ज केलात तर त्याची प्रत कंपनीच्या वकिलांनाही पाठवा आणि तसं अर्जात लिहा. साक्षीदाराला हजर राहायचा हुकूम काढा, असा अर्ज तेवढा अपवाद. आणि तडजोडीचं दार अजून बंद नाही. एकॅसचा माणूस सुनावणीच्या आदल्या दिवशीही फोन उचलतो.
— रेडिंगहून