पेर्ते व्हा ओरडतो तो चातक नव्हे, पावशा!

रानभूल:
मे उजाडला की 'चातक पावसाला हाक मारतोय' असे व्हिडिओ फिरायला लागतात आणि आवाज ऐकावा तर चक्क पावशा, पेर्ते व्हा पेर्ते व्हा करत पट्टी चढवत जाणारा, आता याचा घसा फुटतो की काय असं वाटेपर्यंत. दोघं कोकिळेच्या कुळातले, आकारही जवळपास सारखा, बास. चातक वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा डाग. पावशा राखाडी, पोटावर तपकिरी आडवे पट्टे, डोळ्याभोवती पिवळं कडं, तुऱ्याचा पत्ता नाही. यात गोंधळ होतोच कसा?

जुनंखोड:
होतो कारण पक्षी दिसत नाही, ऐकू येतो. पावशा पानांत दडून ओरडणार, मग लोक तुरा कुठे बघणार? शिवाय हिंदीतला पपीहा म्हणजे पावशा, पण त्याच पपीह्याला कितीतरी जण चातक म्हणतात. नावं माणसांनीच ठेवलीत ना, आमचे आजोबा ज्याला चातक म्हणायचे तो त्यांचा चातक.

रानभूल:
काका, नाव काहीही ठेवा हो, पण 'चातक आला की पाऊस आला' हे पावशाला कसं लावणार? तो येतो कुठून? इथलाच आहे, मार्चपासूनच बोंब सुरू. चातक मात्र खरोखर आफ्रिकेतून पावसाळी वाऱ्याबरोबर येतो (दक्षिणेतले काही बारमाही आहेत ते सोडा).

तिरपीचोच:
तुमचं चालू द्या, माझी गोची वेगळीच. पावशा उडताना हुबेहूब शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) वाटतो, मी तीनदा वहीत शिक्रा लिहून नंतर खोडलंय 😅

रानभूल:
छोटे पक्षीसुद्धा फसतात, तू कशाला लाजतेस. चोच बघायची, शिक्र्याची आकडी असते, याची साधी.

पानगळ:
अंड्यांवरून नाही का कळत?

रानभूल:
नाही ना, चातक-पावशा दोघंही सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतात आणि दोघांचीही निळी! सातभाईंनाच कळत नाही तिथे आपण कोण.

जुनंखोड:
बरं, चातक फक्त पावसाचं पाणी पितो हे तरी मानतोस की तेही खोडून काढणार?

रानभूल:
कवितेत पिऊ द्या की. प्रत्यक्षात केसाळ सुरवंट हाणतो.

जुनंखोड:
असो. तुरा दिसला तर चातक, मान्य. पण रात्री दोनला ओरडणाऱ्याचा तुरा कसा बघू ते सांग.

रानभूल:
पट्टी चढत चढत जाते का?

जुनंखोड:
जाते. मग अचानक गप्प. परत पहिल्यापासून.

रानभूल:
मग झोपा काका, पावशाच तो. चातकाचं पिऊ पिऊ असं चढत नाही, पत्र्यावर टणटण केल्यासारखं असतं.

जुनंखोड:
झोपू देतोय का तो.