उतराईतले अपघात: दोष हमालाचा की घाईचा?

आडवाबोलक्या: ट्रक भरताना-उतरवताना कुणी जायबंदी झालं की चौकशी एकाच वाक्यावर संपते: "हमालाने काळजी घेतली नाही." मला हे पटत नाही. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते तसा ट्रेलर प्रत्येक धक्क्याने डॉकपासून, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्यापासून, थोडा थोडा सरकतो. मग फट पडते आणि फोर्कलिफ्टचं चाक तिच्यात जातं. ट्रेलरच्या चाकाखाली ठोकळे नव्हते, हा दोष फोर्कलिफ्टवाल्याचा कसा? कधी काम संपलं समजून ड्रायव्हर गाडीच काढतो. किल्ली डॉकवरच्या माणसाकडे ठेवायला काय खर्च येतो?

मुकादम: किल्लीचं मान्य. पण ठोकळे कोपऱ्यात पडून असतात, "दोनच नग उतरवायचेत" म्हणून कुणी लावत नाही. शिडी असली तरी हौद्यातून उडी मारतात, मग घोटा जातो. बूट दिले तर चपलेत येतात. सगळं मालकावर ढकलू नका.

आडवाबोलक्या: मजुरी नगावर असेल तर शिडी कोण शोधत बसेल?

स्टेअरिंग: दाराचं कुणीच बोलत नाही. वाटेत सरकलेला माल दाराला टेकलेला असतो. एक पल्ला जरासा उघडून, स्वतः बाजूला उभं राहून आधी बघायचं असतं. पण ज्याने वाकडंतिकडं भरलं तो उघडायच्या वेळी तिथे नसतोच. अंगावर येतं ते उतरवणाऱ्याच्या.

मुकादम: बरं, गोणीचं वजन? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1967 ची शिफारस 55 किलोची आहे. 50 ची गोणी त्यात बसते.

पाठदुखी: ती कमाल मर्यादा झाली हो, रोज दिवसभर उचलायचं वजन नव्हे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं 1991 चं सूत्र सगळं अनुकूल असतानाही 23 किलोपासून सुरू होतं. वाकलात, कंबर पिळलीत, वजन अंगापासून लांब धरलंत की आकडा आणखी खाली. हौद्यातला तळाचा थर कसा उचलतात ते एकदा बघा.

मुकादम: 25 ची गोणी केली तर पोरं दोन-दोन उचलतात!

आडवाबोलक्या: कारण पैसे गोणीवर. तासावर द्या.

मुकादम: आणि गाडी संध्याकाळपर्यंत उभी राहिली तर तिचं भाडं कोण देणार?

स्टेअरिंग: माल मागवणारा. करारात तसं लिहून घ्या. आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्या ड्रायव्हरला "जरा हात लाव" म्हणणं बंद, हेही त्यातच लिहा.