डेबियन १३ ‘ट्रिक्सी’: वाचनालयातील तीन संगणकांवर आताच घालावी का?

देवघेव_खिडकी

नमस्कार मंडळी. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन या लिनक्सवर आधारित मोफत संगणक प्रणालीची तेरावी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ स्थिर, म्हणजे रोजच्या वापराजोगी, म्हणून जाहीर झाली. आमच्या वाचनालयात तीन संगणक असून तिन्हींवर बारावी आवृत्ती, म्हणजे ‘बुकवर्म’, विनातक्रार चालते आहे. एकावर देवघेवीच्या नोंदी होतात, दुसऱ्यावर आम्ही जुने दिवाळी अंक स्कॅन करतो, आणि देणगीत मिळालेला तिसरा, बराच जुना संगणक सभासदांना वर्तमानपत्रे वाचण्यासाठी बाहेर ठेवला आहे. त्यावर ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या प्रोसेसरसाठीची, प्रणाली आहे. मी ग्रंथपाल आहे, संगणकाचा जाणकार नाही. त्यामुळे ज्यांनी ही आवृत्ती वापरून पाहिली आहे त्यांच्याकडून पडद्यावर काय नवे दिसते यापेक्षा काय बिघडू शकते, हे आधी समजून घ्यायचे आहे.

शांत_टर्मिनल

मी पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर घातली. खरे सांगायचे तर पहिल्या तासाभरात फारसा फरक जाणवत नाही, आणि डेबियनच्या बाबतीत मी ही स्तुतीच समजतो. नोम, म्हणजे पडद्यावरची मांडणी सांभाळणारा डेस्कटॉप, ४३ वरून एकदम ४८ वर आल्यामुळे एकाच प्रोग्रॅमच्या सूचना आता एकत्र गुंडाळून दिसतात, आणि ज्या लॅपटॉपमध्ये तशी सोय आहे तिथे बॅटरी ८० टक्क्यांवरच थांबवता येते. केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना प्लाझ्मा ६.३ मिळते. गाभा, म्हणजे प्रणालीचा यंत्राशी थेट बोलणारा भाग (कर्नल), ६.१२ आहे. प्रोग्रॅम बसवणारे साधन ‘एपीटी’ आता काय बसणार आणि काय निघणार हे रंगांत आणि स्तंभांत मांडून दाखवते, त्यामुळे ‘होय’ म्हणण्यापूर्वी यादी खरोखर वाचली जाते.

मराठी वाचकांसाठी एक बारीक गोष्ट सांगतो. नोमचा नवा मूळ फॉन्ट अद्वैता सॅन्स हा नावाने आपला वाटला तरी त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून मराठी मजकूर संगणकात जो दुसरा देवनागरी फॉन्ट असेल त्यात दिसतो, आणि शीर्षकपट्टीत इंग्रजी व मराठी शेजारी आले की दोन्हींची जाडी जुळत नाही. मी ‘नोटो’चा देवनागरी फॉन्ट बसवला, तेव्हा समाधान झाले.

कालगणक

तुमच्या तिसऱ्या संगणकाविषयी लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे. ट्रिक्सीपासून ३२-बिट पीसीसाठी स्वतंत्र गाभाही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. अशा प्रणालीवरून नव्या आवृत्तीवर जाऊ नये, असे आवृत्तीसोबतच्या टिपणांत स्पष्ट म्हटले आहे.

याच आवृत्तीत एक मोठे काम झाले आहे, ज्याचा पडद्यावर मागमूसही दिसत नाही. जुन्या पद्धतीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात मोजले जात. हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की भरतो आणि पुढचा क्षण १९०१ सालातला ठरतो. ट्रिक्सीमध्ये हा हिशेब ६४ बिटांवर नेला आहे, आणि त्यासाठी हजारो पॅकेजेस (प्रोग्रॅमचे संच) नव्याने बांधावी लागली. फक्त ३२-बिट पीसीचा प्रकार त्यातून वगळला आहे, कारण जुने तयार प्रोग्रॅम चालत राहावेत हाच आता त्याचा उपयोग उरला आहे.

मात्र संगणक लगेच निकालात काढू नका. प्रणाली ३२-बिट असली तरी प्रोसेसर ६४-बिट असण्याची शक्यता बरीच असते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ (lscpu) ही आज्ञा देऊन पाहा.

उंबरठ्यावरचा

घाई कशाला? बुकवर्मच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत जून २०२६ पर्यंतची आहे.

शाईचे_डाग

नोंदींच्या संगणकापुरते ते मला पटते, स्कॅनच्या संगणकावर मात्र प्रयोग करून पाहायला हरकत नाही. तेथे एका बदलाकडे लक्ष ठेवा. तात्पुरत्या फायलींचा ‘टीएमपी’ फोल्डर आता डिस्कवर नसून थेट रॅममध्ये असतो आणि तो जास्तीत जास्त निम्मी रॅम व्यापतो. माझ्या ४ जीबीच्या संगणकावर तीनशे पानांच्या अंकाची पीडीएफ बांधताना दोन जीबी भरले आणि काम मध्येच थांबले. स्कॅनर बिघडला असे समजून मी अर्धा दिवस केबली बदलत बसलो. शेवटी ‘टीएमपी डॉट माउंट’ हा घटक सिस्टमडीमधून (प्रणालीच्या सेवा सांभाळणाऱ्या भागातून) बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा फोल्डर पूर्वीसारखा डिस्कवर आला. नव्याने घातलेल्या प्रणालीत दहा दिवसांहून जुन्या तात्पुरत्या फायली आपोआप पुसल्याही जातात, म्हणून ‘उद्या नाव देऊ’ म्हणून तिथे स्कॅन ठेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा.

देवघेव_खिडकी

सर्वांचे आभार. जुन्या संगणकावर ती आज्ञा दिली, तर ‘३२-बिट, ६४-बिट’ असे दोन्ही उत्तर आले. म्हणजे देणाऱ्यानेच कधीतरी ३२-बिट प्रणाली घातली असावी. त्यावर कोणाचीच माहिती नसल्यामुळे तो पुसून ट्रिक्सी ६४-बिट नव्याने घालतो. स्कॅनचा संगणक त्यानंतर, सगळे अंक बाहेरच्या डिस्कवर उतरवून झाल्यावर.

नोंदींच्या संगणकाची डिस्क कूटबद्ध असल्याने त्यात ‘बूट’चा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फायलींचा, वेगळा भाग आहे. तो मोजला, तर जेमतेम ५०० एमबीचा निघाला. टिपणांत किमान ७६८ एमबीचा भाग आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी जागा असावी, असे दिले आहे. तेव्हा त्याला तूर्त हात लावत नाही. तो भाग माहिती न पुसता वाढवण्याचा अनुभव कोणाला असल्यास जरूर लिहावे.