उपकारस्तुतीची सभा, पण घरात दुःखही आहे: १ थेस्सल. ५:१८ वर काय बोलावं?

सभाचालक
ख्रिस्तात सलाम. रविवारी संध्याकाळी एका घरी उपकारस्तुतीची सभा आहे. मुलाचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून ठेवली आहे. पण दीड महिन्यापूर्वी त्याच घरातल्या आजी प्रभूत झोपी गेल्या. घरच्यांनी वचन सुचवलंय ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’. आजींच्या लेकीसमोर हे कसं मांडायचं? आई गेल्याबद्दलही आभार मानायचे, असा याचा अर्थ होतो का? सभेचा क्रमही सुचवा.

वचनवाचक
नाही, तसा अर्थ होत नाही. मूळ ग्रीकमध्ये ‘एन पान्ती’ आहे, म्हणजे प्रत्येक स्थितीत असताना. प्रत्येक गोष्टीबद्दल नव्हे. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्रात ४:१३ ला प्रेषित पौल मृतांविषयी लिहितो. तिथे तो रडूच नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतो. ही दोन वचनं त्या घरात जोडूनच वाचा.

कोणीतरी पौलाच्याच इफिसकरांस पत्रातलं इफिस. ५:२० काढेल, तिथे ‘सर्व गोष्टींबद्दल’ असंच आहे. पण त्याच अध्यायात ११ व्या वचनात अंधकाराच्या कर्मांचा निषेध करायला सांगितलंय. म्हणजे वाईटाला चांगलं म्हणून त्याचे आभार मानणं पौलाच्या मनात नाही.

मी असतो तर योहान ११ घेतला असता. ३५ व्या वचनात येशू रडतो आणि ४१ व्या वचनात वर पाहून पित्याचे उपकार मानतो. त्याचा मेलेला मित्र लाजर तेव्हा अजून कबरेतच आहे, बाहेर येतो ४४ व्या वचनात. लेकीचे डोळे भरून आले तर तिला गप्प करायची कोणाला गरज वाटू नये, एवढं या उताऱ्यातून आपोआप साधतं.

जुना करार
‘आभार’ दोघांत मिटतात, उपकारस्तुती चारचौघांत होते. हिब्रू शब्द ‘तोदा’. त्याच्या मुळाशी कबूल करणं, जाहीर सांगणं हा अर्थ आहे. लेवीय ७:१२-१५ मध्ये उपकारस्तुतीच्या बळीचा नियम पाहा: तेलात मळलेल्या बेखमीर (खमीर न घातलेल्या) पोळ्या, तेल लावलेल्या बेखमीर चपात्या, शिवाय खमिराची भाकर, आणि बळीचं मांस त्याच दिवशी संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. नवसाच्या बळीला मात्र दुसरा दिवसही चालत असे (७:१६). एवढं मांस एका दिवसात एका घराला संपत नाही, म्हणजे माणसं बोलवावीच लागणार. सभेनंतरचं जेवण याच परंपरेत बसतं.

क्रमासाठी स्तोत्र १०७ घ्या. वाट चुकलेले, कैदी, आजारी, समुद्रात सापडलेले अशा चौघांची हकिकत एकाच वळणाने जाते: संकट, आरोळी, सुटका, स्तुती. आजाऱ्यांचा भाग १७-२२ एवढाच वाचला तरी पुरे.

मंडळीसेवक
चाळीस मिनिटांत बसवा: एक गीत, वाचन, घरच्यांपैकी एकाची पाच मिनिटं साक्ष, दहा मिनिटं वचन, मग प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद.

प्रार्थना बिघडते ती दोन ठिकाणी. एक, तिसऱ्याच वाक्याला ‘दे, प्रभू, दे’ सुरू होतं. मागणं चूक नाही, फिलिप्पै ४:६ मध्ये ते आभारासोबतच आहे. पण आधी दिलेलं नाव घेऊन सांगा. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ म्हणू नका. ‘भुलीतून तो शुद्धीवर आला, तिसऱ्या दिवशी पेज पोटात राहिली, रक्त द्यायला शेजारी धावले’ असं जे खरंच घडलं ते घरच्यांना आधी विचारून घ्या. डॉक्टर-नर्सना वगळू नका, त्यांच्या हातून देवानेच काम केलं.

दुसरं, साक्षीत तुलना शिरते: ‘शेजारच्या खाटेवरचा गेला, आमचा वाचला.’ लूक १८:११ मधला परूशीही (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस) देवाचे उपकारच मानत होता, ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून. साक्ष देणाऱ्याला हे आदल्या दिवशीच प्रेमाने सांगून ठेवा.

सभाचालक
मनापासून आभार. आजींचं नाव प्रार्थनेत घ्यावं ना?

मंडळीसेवक
जरूर घ्या, आणि मुलाच्या आधी. मरणाबद्दल नाही, आयुष्याबद्दल उपकार माना. लेकीला विचारून त्यांच्या दोनच गोष्टी निवडा, म्हणजे घरात कोणतं गीत त्या म्हणायच्या, कोणाला काय शिकवलं. त्या म्हणायच्या तेच गीत सुरुवातीला घ्या. नावानंतर अर्धा मिनिट शांत राहा, लगेच पुढचं वाक्य सुरू करू नका.