रो-हाउससाठी स्वस्तातला प्रेशर वॉशर : २०० बारचा घ्यावा की ११०चा? (कोपरखैरणे)

गच्चीवरची_वहिनी

नमस्कार मंडळी. आमचं कोपरखैरण्यात सिडकोचं रो-हाउस आहे. तळमजला अधिक एक आणि वर गच्ची. पाऊस संपत आला की गच्चीच्या चायना मोझॅकवर हिरवं-काळं शेवाळ असं बसतं की चप्पल घालून चालायची सोय नाही. पुढे गाडीपुरती जागा, तिथे पेव्हर ब्लॉक. मागच्या मोरीकडे कोटा लाद्या. शिवाय खिडक्यांचे ग्रिल, कंपाउंडची भिंत, एक जुनी वॅगन आर आणि मुलाची बाइक, जी तो धुतो असं तो म्हणतो.

आजवर खराटा, ब्लीचिंग पावडर आणि कामाच्या मावशी यांच्यावर निभावलं. मावशींचे गुडघे गेलेत, माझे त्याच वाटेवर आहेत. नवरात्राच्या आत गच्ची लख्ख करायची म्हणून या वर्षी प्रेशर वॉशर घ्यायचं मी ठरवलंय. "तुला काय फायर ब्रिगेड काढायचीय का?" असं आमच्या ह्यांनी विचारून झालंय, त्यामुळे तो मुद्दा कृपया कोणी काढू नका.

बजेट सात हजार, ओढूनताणून आठ. ऑनलाइन बघितलं तर डोकं फिरलं. एक मशीन १४०० वॉट, ११० बार, तासाला ३६० लिटर. दुसरं १८०० वॉट, २०० बार, मिनिटाला ८ लिटर, आणि हे दुसरं पहिल्यापेक्षा स्वस्त! जास्त ताकद कमी पैशात कशी? गच्चीवरच्या नळाला धार बारीक आहे कारण टाकी तिथेच चौथऱ्यावर बसलीय, तर त्या नळावर मशीन चालेल का? आणि मशीन जिन्यावरून वर नेणार मीच, हेही लक्षात घ्या.

---

घोडबंदर_बारावा_मजला

वहिनी, तुमच्याकडे स्वतःची गच्ची आहे, घ्या खुशाल. मी फक्त फ्लॅटवाल्यांसाठी लिहितोय, कारण हा धागा वाचून आमच्यासारखे चार जण उगाच ऑर्डर टाकतील.

मी बाल्कनी आणि स्लायडिंग खिडक्यांसाठी घ्यायचं म्हणत होतो. आमच्या विंगमध्ये एकाने घेतलं होतं. त्याने बाल्कनी धुतली आणि सगळा चिखल अकराव्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरींवर. सोसायटीच्या ग्रुपवर पुढे काय झालं ते सांगत नाही. पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धुवायला आमच्याकडे बंदी, कारण निम्मं पाणी टँकरचं. म्हणजे मशीन असूनही ते चालवणार कुठे? फ्लॅटला बादली, ब्रश आणि वायपर बास.

---

तुर्भे_पंपवाला

वहिनी, मी तुर्भ्याला एमआयडीसीत पंप आणि प्रेशर मशीन दुरुस्त करतो. विकत नाही, त्यामुळे अमुकच घ्या म्हणण्यात माझा फायदा नाही. उलट भिकार मशीन घेतलंत तर माझ्याकडेच येणार आहात.

आधी तुमचा पहिला प्रश्न, कारण त्यात खरी गोम आहे. बार म्हणजे दाबाचं माप. बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००. येणारा आकडा म्हणजे पाण्याला मिळालेली ताकद, किलोवॉटमध्ये. ११० बारवाल्याचं बघा. तासाला ३६० म्हणजे मिनिटाला ६ लिटर. ११० गुणिले ६ म्हणजे ६६०, भागिले ६०० म्हणजे १.१ किलोवॉट. मोटर १४०० वॉटची. मधला फरक उष्णतेत आणि घर्षणात गेला, हिशोब बसतो. आता २०० बारवालं. २०० गुणिले ८ म्हणजे १६००, भागिले ६०० म्हणजे जवळजवळ २.७ किलोवॉट. मोटर १८०० वॉटची! १८०० खाऊन २७०० ओकणारं मशीन निघालं असतं तर महावितरणला कुलूप लागलं असतं. तो बार वेगळ्या वेळचा, लिटर वेगळ्या वेळचे, किंवा दोन्ही नुसते छापलेले. खोक्यावर "मॅक्स" लिहिलेला आकडा बहुतेक वेळा गन बंद करताना क्षणभर चढणारा असतो. काम होतं ते "रेटेड" किंवा "वर्किंग" आकड्यावर. जो कंपनीवाला रेटेड आकडा लिहितच नाही, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही मी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या कामाला खरे १०० ते १२० बार आणि मिनिटाला ५.५ ते ६.५ लिटर पाणी भरपूर झालं. शेवाळ बारने सुटतं, पण सुटलेला गाळ वाहून न्यायला लिटर लागतात. लोक बारच्या मागे धावतात आणि लिटर कोणी बघत नाही.

मोटर. या बजेटमध्ये ब्रशवालीच मिळेल, म्हणजे युनिव्हर्सल. मिक्सरला असते तीच जात. आवाज करते, सलग चालवली की तापते, कार्बन ब्रश झिजतात. इंडक्शन मोटर शांत आणि दणकट, पण महाग, आणि वजन कधी वीस किलोपर्यंत. जिना तुम्ही चढणार आहात ना? मग चार ते आठ किलोचं ब्रशवालंच घ्या. पंधरा-वीस मिनिटं चालवा, थोडं थांबा, चहा घ्या, परत चालवा. घरात महिन्यातून एकदा वापरायला इंडक्शनचे पैसे घालणं मला पटत नाही.

आता गच्चीवरचा नळ. टाकीतलं पाणी नळाच्या मीटर-दीड मीटर वर असेल तर दाब ०.१ ते ०.१५ बार. त्यातून मशीनला लागेल तेवढं पाणी येईलच असं नाही, आणि पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, खडखडतो, सील जातात. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती मशीनांत कोरडं चालवलेली बरीच असतात. खात्री करायची तर १५ लिटरची बादली नळाखाली लावा. दोन मिनिटांच्या आत भरली तर नळ थेट जोडा. नाही भरली तर ड्रम भरून ठेवा आणि त्यातून ओढायचं. त्यासाठी मशीन "सेल्फ-प्रायमिंग" हवं, आणि ओढायच्या पाइपच्या टोकाला जाळी हवी. ड्रम मशीनच्या बरोबरीला किंवा थोडा उंचावर, खाली नको. सुरू करताना आधी पाणी जोडा, गनचा खटका दाबून धरा, हवा निघून सलग धार आली की मगच स्विच. उलट क्रमाने केलंत तर दुकान माझं, गिऱ्हाईक तुम्ही.

चायना मोझॅकवर गोल फिरणारं टर्बो नोझल अजिबात लावू नका. तुकड्यांमधलं सिमेंट उखडतं आणि पुढच्या पावसात बेडरूमच्या छताला ओल. पसरट धारेचं नोझल, साधारण फूटभर अंतर, धार तिरकी. नाण्याने ठोकून जिथे पोकळ वाजतं तिथे मशीन मारूच नका, खराटाच बरा. पेव्हरवरही तसंच, धार सांध्यात सरळ घातली तर मधली वाळू उडते आणि ब्लॉक डुगडुगतात. धुऊन झाल्यावर वाळल्यावर नवी वाळू झाडून घाला. कोटा लाद्या आणि कंपाउंड बिनधास्त धुवा, फक्त भिंतीचा रंग सुटत असेल तर तो मशीनसोबत जाईल. बाइकच्या चाकाच्या बेअरिंगवर, चेनवर आणि वायरिंगच्या जोडांवर जवळून मारू नका असं मुलाला सांगा. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पत्र्या या धारेने आडव्या होतात, तिकडे फिरकू नका. आणि हे नीट वाचा : ही धार कातडीच्या आत घुसते. कोणाच्या पायावर चिखल धुवायला म्हणूनसुद्धा गन रोखायची नाही. चप्पल नको, गमबूट घाला.

वीज. १४०० वॉटचं किंवा त्यापुढचं मशीन ६ अँपिअरच्या प्लगवर लावू नका, १६चा लागेल. एक्स्टेंशन लागणारच असेल तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरचं, पूर्ण उलगडून, आणि जोड पाण्यापासून दूर उंच टांगलेला. डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या डब्यात, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघून घ्या. नसेल तर मशीनच्या आधी ती बसवा.

---

नेरूळचा_शेजारी

पंपवाल्या दादांनी सगळं सांगितलंच आहे. एक राहिलं : पाइपची लांबी. स्वस्त मशीनसोबत बऱ्याचदा पाच मीटरचा किंवा त्याहून आखूड पाइप येतो. म्हणजे मशीन सतत ओढत बसायचं, ते ओल्यात लडबडतं, वायर मागे मागे येते. मी तर म्हणेन बारपेक्षा पाइप बघा. आठ-दहा मीटरचा असेल तर मशीन जिन्याच्या दारात कोरड्यात ठेवून अख्खी गच्ची होते.

आमच्या ओळीत तीन घरांत मिळून एकच मशीन आहे. गणपतीनंतर आणि दिवाळीआधी त्याला उसंत नसते, एरवी कोणाच्या तरी जिन्याखाली पडून असतं. वहिनी, तुमच्या शेजारी विचारून बघा, आठ हजार तिघांत म्हणजे काहीच नाही. भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे गन कोणी गळकी करून ठेवली.

पाण्याचं म्हणाल तर अर्धा तास सलग चालवलं तर १८० लिटर. आपल्याकडे नवी मुंबईत मोरबे धरणामुळे ठाण्याएवढी ओरड नाही, तरी मी सकाळी पाणी येतं त्या वेळेतच काम उरकतो. साधा पाइप सोडून खराट्याने घासताना याहून जास्त जात होतं, हे माझं मत. मीटर बघून मोजलेलं नाही.

---

गच्चीवरची_वहिनी

केवढी मदत! दादा, तो ६००चा हिशोब मी आमच्या ह्यांच्यासमोर कागदावर करून दाखवला. ते अकाउंट्समध्ये आहेत, त्यामुळे २७०० वॉटला त्यांचं एकदम मतपरिवर्तन झालं. २०० बारवालं बाद.

बादली लावून बघितली. गच्चीवरच्या नळाला चार मिनिटांच्या वर लागली, म्हणजे ड्रमच. खालच्या अंगणातल्या नळाला दीड मिनिटात भरली. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या अर्धे पैसे द्यायला तयार आहेत, पण मशीन त्यांच्याकडे ठेवायचं म्हणतात. ते बघू.

आता दोन मशीनांवर आले आहे. दोन्ही १४०० वॉट, ११० बार. एकाचा पाइप खटक्याने बसतो, दुसऱ्याला पितळी आट्यांचा जोड आहे. खटक्याचं बसवायला सोपं वाटतं, ते चांगलं का? आणि सर्व्हिस सेंटर वाशीत आहे असं एका दुकानदाराने सांगितलं, त्यावर किती विसंबायचं?

---

तुर्भे_पंपवाला

आट्यांचा घ्या. त्यावर एम-२२ (२२ मिलिमीटरच्या आट्या) लिहिलंय का ते विचारा. ते चालू माप आहे, पाइप फाटला किंवा गन गेली तर इकडे तुर्भ्यात नाहीतर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दुसऱ्या कंपनीचाही मिळून जातो. फक्त नेताना जुना तुकडा बरोबर न्या, कारण एम-२२मध्येही आतल्या पिनेचे १४ आणि १५ मिलिमीटर असे दोन प्रकार आहेत. बसतात दोन्ही, चुकीचा गळतो. खटक्याचा जोड वाईट नसतो, पण तो ज्या त्या कंपनीचा. कंपनीने मॉडेल बंद केलं की तुम्ही अडकलात.

सर्व्हिस सेंटरला पैसे द्यायच्या आधी फोन करा आणि एवढंच विचारा : या मॉडेलचे कार्बन ब्रश, ओ-रिंगचा (गळती रोखणाऱ्या रबरी रिंगांचा) सेट आणि गन आत्ता स्टॉकमध्ये आहे का? "मागवून देतो" म्हणाले तर मशीन दुसरं बघा. नेरूळच्या दादांचं पाइपचं बरोबर आहे, पण जादा पाइप नंतर जोडता येतो, मोटर नंतर बदलता येत नाही.

काकूंकडे ठेवलं तरी हरकत नाही, फक्त ठेवण्याआधी स्विच बंद करून, नळ बंद करून गन दाबायची, आतला दाब आणि पाणी काढून टाकायचं. आणि काम नसलं तरी महिना-दीड महिन्यातून दोन मिनिटं चालवायचं. मेपर्यंत कोरडं पडून राहिलं की ओ-रिंग चिकटतात, मग मोटर नुसती हं-हं करते आणि फिरत नाही. गन सोडून मशीन चालू ठेवून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. ऑटो-स्टॉप, म्हणजे गन सोडली की मोटर आपोआप बंद होण्याची सोय, असला तरी नाही. हे काकूंनाही सांगा.

---

गच्चीवरची_वहिनी

फोन केला. ब्रश आणि गन आहे, ओ-रिंगचा सेट शुक्रवारी येतोय म्हणाले. शुक्रवारपर्यंत थांबते. दरम्यान इलेक्ट्रिशियन येऊन गेला, आरसीसीबी नव्हतीच. ती बसवायचे पैसे मशीनच्या बजेटमध्ये धरायचे का यावर घरात चर्चा चालू आहे.