त्सोलफेराइन पाहिलं, पण त्यात खाण कुठे होती?

रूरकाठ:
परवा जर्मनीतल्या एसेन शहरातली त्सोलफेराइन कोळसा खाण पाहून आलो. १९८६ साली बंद पडली, २००१ मध्ये जागतिक वारसा झाली. १९३२ चा बारा नंबरचा शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर आणि वरच्या इमारती) देखणा आहे, वादच नाही. पण कोळसा धुण्याच्या इमारतीत जायला आता नारिंगी उजेडाचा सरकता जिना, बॉयलरघरात डिझाइनचं संग्रहालय. जिथून दिवसाला १२,००० टन कोळसा निघायचा, तिथे बोटाला काळं लागत नाही. खाली उतरता येतच नाही. आवाज नाही, घाम नाही. कामगाराला बाहेर काढून इमारत तेवढी जपली, असं मला वाटलं.

विटावासे:
साफ असहमत. बंद पडलेल्या खाणी बहुतेक ठिकाणी भंगारात जातात. इथलाही कोक (भट्टीत भाजलेला कोळसा) बनवायचा कारखाना १९९३ ला बंद झाल्यावर चीनला विकायचं चाललं होतं. सौदा फिसकटला म्हणून तो आज उभा आहे. रिकाम्या इमारतींना गंज खातो. त्यांत माणसं यायला हवीत, त्यासाठी संग्रहालयं हवीत. शिवाय तिथे जुने खाणकामगार स्वतः फिरवून दाखवतात. तुम्ही त्यांच्याबरोबर गेला होतात का?

वर्धाकाठची:
मी चंद्रपूरकडची. बाबा खदानीत होते, भूमिगत. रात्रपाळीहून आले की नाकपुड्या काळ्या; खाली काय असतं ते मात्र कधी बोलले नाहीत. ते मला कळलं वेल्समधल्या बिग पिट या संग्रहालय झालेल्या कोळसा खाणीत. घड्याळ, मोबाइल, काडेपेटी सगळं वर ठेवायचं, हेल्मेट आणि दिवा घेऊन पिंजऱ्यातून ९० मीटर खाली. वाटाड्या स्वतः खाणीत राबलेला. त्याने सगळ्यांना दिवे विझवायला लावले. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसेना. एकेकाळी त्या भागात लहान मुलं असल्याच अंधारात हवेची दारं उघडझाप करत बसायची. दहा वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना खाली न्यायला बंदी आली ती १८४२ च्या कायद्याने. मी रडले. इमारत कितीही सुंदर असो, हे तिथे कसं मिळणार?

विटावासे:
ताई, पटलं. पण त्सोलफेराइनची खोली हजार मीटरच्या घरात. तिथे पर्यटक उतरवणं आणि ९० मीटरवर उतरवणं, यात फरक आहे.

रूरकाठ:
कामगारांबरोबरची फेरी मी घेतली नव्हती, ही चूक माझी. पण ती वेगळी निवडावी का लागावी? पहिल्या दाराशीच तो माणूस भेटायला हवा, सरकता जिना नंतर.