पहिल्यांदाच भाजी आणि फळझाडं लावायची आहेत, ४० चौरस मीटर जागा. सुरुवात कुठून करू?

नवी_कुदळ

नमस्कार. १० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी मोकळी जागा हाताशी आली आहे. आजवर कुंडीतसुद्धा काही लावलेलं नाही, म्हणून अगदी पहिलीपासून विचारते आहे. सगळीकडे गुडघाभर गवत आहे आणि त्यात हरळी नक्की आहे. एका लांब बाजूला जाळीचं कुंपण. ऊन सकाळी आठ ते दुपारी तीन. नळ १५ मीटरवर. आठवड्याला चार-पाच तास देता येतील.

सगळी जागा एकदाच रोटाव्हेटर मारून मोकळी करून घ्यावी का? माती कशी आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? टोमॅटो, मिरची, काकडी, गाजर, पालक आणि दोन-तीन फळझाडं मनात आहेत. यातलं पहिल्या वर्षी काय जमेल?

वाफसा

रोटाव्हेटर अजिबात नको. हरळीच्या जमिनीखालच्या काशांना (आडव्या पसरणाऱ्या खोडांना) पेरापेरावर डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यातून नवी हरळी फुटते. यंत्राची पाती एका काशीचे दहा-वीस तुकडे करून ते सगळीकडे पेरतात. आठ दिवस जमीन सुरेख काळीभोर दिसते आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा दाट हिरवी होते. लव्हाळा असेल तर त्याच्या गाठींचंही असंच होतं.

दुसरं म्हणजे सगळी जागा एकदम घेऊ नका. चार-पाच तासांत दोन वाफे नीट सांभाळले जातात. १.२ मीटर रुंद, ३ मीटर लांब, मध्ये ४५ सेंटिमीटरची वाट. रुंदी याहून जास्त ठेवली तर मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही, मग पाय आत पडतो आणि वाफा दबतो. पहिल्या वर्षी बागा सोडून दिल्या जातात त्या बहुतेक किडीमुळे नाही, तण हाताबाहेर गेल्यामुळे. उरलेल्या जागेवरचं गवत जमिनीलगत कापा आणि वर अपारदर्शक ताडपत्री अंथरून कडा मातीत दाबून टाका. हरळी त्याखाली थकायला वाढीचा एक पूर्ण हंगाम लागतो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी.

आता दोन वाफे. माती वाफशावर, म्हणजे खणण्याजोग्या बेताच्या ओलीवर, आली की खणा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटाने टोचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे, नुसता खड्डा पडला तर अजून ओल जास्त आहे. ओली चिकणमाती खणली की तिची ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि त्या चुकीचा त्रास सगळा हंगाम होतो. दातेरी फावड्याने २५-३० सेंटिमीटर खोल उचकटा. कापू नका, उचकटा. काशा अख्ख्या ओढून वेचा आणि उन्हात कडकडीत वाळवा, खताच्या ढिगात टाकू नका. मग वाफा रिकामाच भिजवून दहा-पंधरा दिवस ठेवा. राहिलेल्या काशा आणि तणाचं बी उगवून वर येईल, ते खुरप्याने वरच्यावर काढा आणि त्यानंतरच पेरणी करा. एवढी वाट पाहायला नको वाटतं, पण पुढच्या खुरपण्या या पंधरा दिवसांतच वाचतात.

कुंपणाच्या बाजूने हरळी पुन्हा शिरणारच. तिथे १५-२० सेंटिमीटर खोल अरुंद चर मोकळा ठेवा आणि त्यात लोंबणारे धुमारे दर दोन-तीन आठवड्यांनी छाटा.

माती ओळखायला काचेची उभी बरणी घ्या. एक तृतीयांश माती (वरचा पालापाचोळा वगळून), बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. एका मिनिटात खाली बसते ती रेती, पुढच्या दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा, दिवस-दोन दिवसांनी बसते ती चिकणमाती. थर पट्टीने मोजा. चिकणमाती निम्म्याच्या आसपास असेल तर वाफा जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर उंच करा, म्हणजे गादीवाफा. रेती जास्त असेल तर सपाट ठेवा.

निचऱ्यासाठी ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर उतरलं तर उत्तम. त्याहून सावकाश उतरत असेल तर फळझाड त्या जागी लावू नका, मुळं कुजतील.

सामू (pH, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा) मात्र मोजून घ्यावा, डोळ्यांनी कळत नाही. ६ ते ७ भाज्यांना मानवतो. जागा जुन्या इमारतीच्या भिंतीलगत किंवा वर्दळीच्या रस्त्याला लागून असेल तर शिशाचीही तपासणी करून घ्या. जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरतं आणि तिथेच राहतं.

आच्छादन

इतकं खणायची गरज नाही. गवत कापायचं, पुठ्ठ्याचे दोन थर अंथरायचे, एकमेकांवर २० सेंटिमीटर चढवून, चिकटपट्ट्या काढून, चिंब भिजवून. वर १०-१५ सेंटिमीटर कंपोस्ट. त्यातच लावणी. मातीची घडण मोडत नाही, गांडुळं राहतात आणि खालचं तणाचं बी वर येत नाही.

वाफसा

@आच्छादन, साध्या गवतावर ही पद्धत उत्तम आहे आणि माझाही कल तिकडेच. पण हरळी पुठ्ठ्याच्या सांध्यांतून वर येते आणि लव्हाळा तर पुठ्ठा भोसकून येतो. मग तो वरच्या कंपोस्टात पसरतो आणि तुमचं सगळ्यात चांगलं खत तणाला मिळतं. आधी एकदा काशा वेचायच्या, पुढच्या वर्षापासून खणणं बंद.

खुरपं_हातात

खताचा हिशेब आधी. वाफा ३.६ चौरस मीटर, त्यावर पूर्ण कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा ५ सेंटिमीटर थर म्हणजे १८० लिटर, १५ लिटरच्या बारा बादल्या. वरच्या १०-१५ सेंटिमीटर मातीत मिसळा. पुढच्या वर्षांना निम्मं पुरतं. कुजलेलं म्हणजे काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं आणि हाताला गार लागणारं. गरम लागत असेल किंवा नाकात झोंबत असेल तर थांबा. ताज्या शेणातला अमोनिया मुळं जाळतो, त्यात तणाचं बी असतं आणि रोगजंतूही. मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी ताजं शेण टाकणं आणि काढणी यांत किमान १२० दिवस हवेत.

पिकांबद्दल: पहिल्या वर्षी गाजर नको. बी उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात, तेवढ्या वेळात वरचा थर एकदा जरी वाळला तरी मोड मरतो, आणि नव्याने खणलेल्या जमिनीत खडा लागला की गाजराला दोन पाय फुटतात. त्याऐवजी मुळा घ्या. चार-पाच दिवसांत उगवतो, महिन्याभरात हातात येतो आणि विरळणी शिकवतो.

एक वाफा थंडाव्याच्या पिकांना (पालक, मुळा, वाटाणा, माती १० ते २० अंश) आणि दुसरा उबेच्या पिकांना (टोमॅटो, मिरची, काकडी, घेवडा, माती १८-२० अंशांच्या वर). महिन्याची नावं पाहण्यापेक्षा सकाळी मातीत ५ सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसून पाहा. थंड मातीत काकडीचं बी उगवत नाही, कुजतं. कडक उन्हाळ्यात पालक पानं देण्याआधीच तुऱ्यावर येतो.

पालक, मुळा, वाटाणा, घेवडा आणि काकडीचं बी थेट वाफ्यात. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे मुळा १ सेंटिमीटर, घेवडा ३. मुळा उगवल्यावर ५ सेंटिमीटरवर एक ठेवून बाकी उपटा, पालक १० वर. विरळणी करताना जीव तुटतो हे खरं, पण दाट ठेवलेल्या मुळ्याला नुसता पाला येतो.

टोमॅटो आणि मिरचीची या वर्षी तयार रोपं आणा. मिरचीचं बी रोप होईपर्यंत सहा ते आठ आठवडे मागतं आणि ट्रेमध्ये दाट पेरून, रोज पाणी घालून रोपं बुंध्यातून कोलमडण्याचं प्रमाण नवशिक्यांत फार असतं. रोप निवडताना बुटकं, जाड बुंध्याचं, गडद हिरवं घ्या. फुलं-फळं लागलेलं उंच रोप दिसायला छान वाटतं, पण पिशवीत अडकलेली त्याची मुळं पुढे नीट पसरत नाहीत. वाफ्यात लावण्याआधी सात-आठ दिवस रोज थोडं जास्त ऊन दाखवा, नाहीतर पानं पांढरी पडून भाजतात.

टोमॅटो खालची पानं काढून खोल गाडा, पुरलेल्या खोडातून मुळं फुटतात. मिरची मात्र पिशवीत होती तेवढ्याच खोलीवर. टोमॅटोत ६० सेंटिमीटर अंतर, मिरचीत ४५. आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात.

डोळा_कलम

४० चौरस मीटरमध्ये फळझाडं दोन, तीन नाहीत. तीही ठेंगण्या खुंटावर (म्हणजे ज्याची मुळं वापरतात त्या खालच्या रोपावर) बांधलेली कलमं. जागा ठरवण्याआधी अडीच मीटरची काठी उभी करून सकाळी नऊ, बारा आणि तीनला तिची सावली आखा. ती वाफ्यावर पडली तर झाडाचीही पडणार. वाफ्यापासून किमान २ मीटर आणि दोन झाडांत ३ मीटर सोडा.

एकच झाड फळेल की जोडी लागेल हे विकत घेण्याआधी विचारा. लिंबू, डाळिंब, अंजीर एकटं फळतं. सफरचंदाच्या बहुतेक जातींना त्याच वेळी फुलणारी दुसरी जात जवळ लागते. बियापासूनच्या पपईत नर झाड निघू शकतं, म्हणून एका जागी तीन रोपं लावून फुलं दिसल्यावर एक ठेवतात.

खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट. तळाशी खत भरून त्यावर झाड ठेवू नका. ते कुजत खाली बसतं, झाडही बसतं आणि कलमाचा जोड मातीत जातो. जोड जमिनीच्या ५ ते १० सेंटिमीटर वरच राहायला हवा. गाडला गेला तर वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटून ठेंगण्या खुंटाचा उपयोग संपतो, किंवा जोड कुजतो. गोल गोल फिरलेली मुळं सोडवा, न सुटणारी कापा. खणलेलीच माती परत भरा, खत वरून पसरा, बुंध्यापासून हातभर लांब. जोडाच्या खालून फुटणारे धुमारे दिसताक्षणी काढा, ते खुंटाचे असतात.

पहिल्या वर्षाची फुलं खुडा. मन होत नाही, पण त्या वर्षी झाडाने मुळं धरणं महत्त्वाचं. फळ लवकर हवं असेल तर स्ट्रॉबेरी लावा, ३० सेंटिमीटरवर. रोपाचा गाभा बरोबर मातीच्या पातळीत ठेवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो.

नवी_कुदळ

खूप आभार. आज बरणीत माती घालून ठेवली आहे. गाजर रद्द, फळझाडं दोनच. पाणी रोज थोडं थोडं घातलं तर चालेल ना? आणि किडीसाठी आधीच काही फवारून ठेवावं का?

खुरपं_हातात

रोज थोडं थोडं फक्त बी उगवेपर्यंत. नंतर तीच सवय मुळांना वर अडकवून ठेवते. एका वाफ्याला आठवड्याला साधारण ९० लिटर, १५ लिटरच्या सहा बादल्या, दोन वेळांत विभागून. कडक उन्हात किंवा रेताड मातीत तीन वेळा आणि थोडं जास्त, पाऊस पडला तर तेवढं वजा. शंका आली तर बोट ५ सेंटिमीटर खुपसा, ओल लागली तर पाणी नको. दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, ती तहान नव्हे. सकाळीच मान टाकलेली दिसली तर लगेच पाणी. पाणी बुंध्याशी आणि सकाळी द्या. पानं रात्रभर ओली राहिली की करपा येतो.

टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर कॅल्शियमच्या गोळ्या शोधू नका. मातीत ते बहुधा असतं, पण कधी कोरडं कधी चिखल असं पाणी दिल्याने फळापर्यंत पोचत नाही. रोपं १०-१५ सेंटिमीटर झाली की वाळक्या गवताचं किंवा पाल्याचं ५ ते ७ सेंटिमीटर आच्छादन करा, बुंध्याभोवती चार बोटं मोकळी सोडून. गवत बी धरलेलं नसावं.

आधीच फवारणी नको. मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्याही त्यात मरतात. आठवड्यातून दोनदा पानं उलटून पाहा. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, सलग तीन दिवस. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिलीलिटर निंबोळी तेल आणि १-२ मिलीलिटर पातळ साबण, आधी एका पानावर, दोन दिवसांनी सगळीकडे, नेहमी संध्याकाळी, म्हणजे मधमाश्या घरी गेलेल्या असतात. रोप रात्रीतून जमिनीलगत कापलेलं सापडलं तर ती मातीतली कुरतडणारी अळी. बाकीच्या रोपांभोवती कागदी नळी लावा, ३ सेंटिमीटर मातीत, ५-६ वर.

काकडीची पहिली फुलं गळाली तर घाबरू नका, ती नर असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी काकडी दिसते. ती पिवळी पडून गळू लागली तर परागीभवन होत नाहीये. सकाळी ताजं नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या आत हलकेच फिरवा.

वाफसा

वहीत एक साधा नकाशा काढून ठेवा, कुठे काय लावलं आणि कोणत्या तारखेला. टोमॅटो, मिरची, वांगं आणि बटाटा एकाच कुळातले. त्यांच्यानंतर त्या वाफ्यात तीन वर्षं त्यांतलं काही नको. दोनच वाफ्यांत हे जमत नाही, म्हणून पुढच्या हंगामात ताडपत्रीखालून तिसरा आणि चौथा वाफा काढाल तेव्हा टोमॅटो तिकडे हलवा. आणि बरणीतले थर मोजले की सेंटिमीटरमध्ये इथे टाका, गादीवाफा हवा का ते त्यावरून सांगतो.